एम्युलेटरला मुद्दाम खराब फोन कसा बनवायचा

अँड्रॉइड स्टुडिओत, म्हणजे अँड्रॉइडची ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्रिकोणी बटण दाबलं की पडद्यावर एक देखणा आभासी फोन, म्हणजे एम्युलेटर, उभा राहतो. बॅटरी १०० टक्के, चार्जरला लावलेली. नेटवर्क फुल्ल. लोकेशन विचारलं तर कॅलिफोर्नियातलं, गूगलच्या मुख्यालयाजवळचं. असा फोन इंदुरात कुणाच्याच खिशात नसतो. भंवरकुआच्या हॉस्टेलात तळमजल्यावर राहणाऱ्या मुलाच्या फोनला संध्याकाळी रेंज कशीबशी असते, बॅटरी नऊ टक्क्यांवर आलेली असते, आणि तो फोन मध्येच बंद करून पुन्हा सुरूही करतो. आपलं ॲप तो तिथे वापरणार असतो आणि आपण तपासतो मात्र त्या देखण्या फोनवर.

त्या बटणामागे खरं तर एक साधी कमांड चालते. तीच कमांड आपण हाताने टाइप केली तर तिला शेपट्या जोडता येतात: हे नको, ते दे, नेट हळू कर, जुनं काही आठवू नकोस. या शेपट्यांना ऑप्शन म्हणतात. बऱ्याच मुलांना काळी टर्मिनल खिडकी दिसली की धास्ती वाटते. पण इथे तिचा उपयोग रुबाबासाठी नाही. एम्युलेटर खऱ्या फोनसारखा वागायला हवा असेल तर यातल्या काही गोष्टी याच वाटेने सर्वांत सोप्या पडतात.

आधी एम्युलेटर म्हणजे काय ते थोडक्यात. तो फोनचं चित्र नव्हे. त्याच्या आत खरोखरची अँड्रॉइड सिस्टिम चालते. आपल्या कॉम्प्युटरवरचा एक प्रोग्राम तिला भासवतो की तुला प्रोसेसर आहे, मेमरी आहे, सिमकार्ड आहे, कॅमेरा आहे. या भासवण्याचं इंजिन क्यूइम्यू नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर उभं आहे. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने ते २००३ साली प्रसिद्ध केलं. गंमत म्हणजे अँड्रॉइडचा एम्युलेटर अँड्रॉइडच्या फोनपेक्षा वयाने मोठा आहे. डेव्हलपरांसाठीचा साधनांचा पहिला संच (एसडीके) नोव्हेंबर २००७ मध्ये आला आणि त्यात एम्युलेटर होता. पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसीने बनवलेला जी-वन, दुकानात आला ऑक्टोबर २००८ मध्ये. जवळजवळ वर्षभर लोकांनी असा फोन हातात न घेताच ॲप लिहिली.

आता कमांडकडे. इथे मी सगळं देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची, ऑप्शन सगळे लहान अक्षरांत, आणि प्रत्येक ऑप्शनच्या आधी एकच हायफन. लिनक्सच्या सवयीने दोन हायफन देऊ नका.

एम्युलेटरचा प्रोग्राम असतो एसडीकेच्या फोल्डरमध्ये, एम्युलेटर याच नावाच्या उपफोल्डरात. विंडोजवर एसडीके सहसा आपल्या यूजर फोल्डरच्या ॲपडेटा, लोकल, अँड्रॉइड या वाटेवर सापडतं. लिनक्सवर ते होम फोल्डरातल्या अँड्रॉइडमध्ये असतं, मॅकवर लायब्ररीखालच्या अँड्रॉइडमध्ये. टर्मिनलमध्ये त्या उपफोल्डरात जाऊन पहिली कमांड द्या:

एम्युलेटर -लिस्ट-एव्हीडीज

स्टुडिओत तुम्ही बनवलेल्या आभासी फोनांची नावं एकाखाली एक दिसतील. यातल्या प्रत्येकाला एव्हीडी म्हणतात. मग त्यातलं एक नाव उचलून:

एम्युलेटर -एव्हीडी पिक्सेल_७

झाला फोन सुरू. नाव जसं यादीत आहे तसंच, अंडरस्कोअर आणि मोठ्या-लहान अक्षरांसकट द्यायचं.

जुन्या पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून शिकणाऱ्यांना इथे एक खड्डा लागतो. पूर्वी हा प्रोग्राम टूल्स नावाच्या फोल्डरात असे. जुन्या एसडीकेत तो अजून तिथे पडलेला असतो आणि पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम कुठे शोधायचे त्या फोल्डरांच्या यादीत, तोच आधी लागला की कॉम्प्युटर ‘पॅनिक’ अशा मोठ्या अक्षरांत ओरडून सांगतो की इंजिन सापडत नाही. घाबरून सगळं पुन्हा इन्स्टॉल करायची गरज नसते. पाथमध्ये एम्युलेटरचं फोल्डर टूल्सच्या आधी आणलं की काम होतं.

एव्हीडीची पक्की सेटिंगं त्याच्या कॉन्फिग फाइलीत लिहिलेली असतात: पडदा किती मोठा, रॅम किती, अँड्रॉइडची आवृत्ती कोणती. कमांडला जोडलेला ऑप्शन बहुतेक वेळा तेवढ्या एका सुरुवातीपुरता त्या सेटिंगावर मात करतो. -मेमरी २०४८ लिहिलं तर या खेपेला २०४८ एमबी रॅम मिळेल, फाइल तशीच राहील. म्हणून प्रयोग करायला भिण्याचं कारण नाही. अपवाद एकच आणि तो जपून वापरायचा, त्याबद्दल पुढे सांगतो.

रॅमचा विषय निघालाच आहे तर इथे जरा थांबू. इंदुरात शिकणाऱ्या बहुतेक मुलांकडे ८ जीबीचा लॅपटॉप असतो, बरेचदा मोठ्या भावाकडून आलेला. स्टुडिओ आणि एम्युलेटर दोन्ही सोबत चालवायला गूगल स्वतःच निदान १६ जीबी मागतं. मग लॅपटॉपचा पंखा घरघरतो, माऊस अडखळतो आणि मुलगा म्हणतो, मला नवीन मशीन पाहिजे. पण एम्युलेटरला स्टुडिओ उघडा असण्याची गरजच नसते! कमांडने एम्युलेटर सुरू करा आणि कोड एखाद्या हलक्या एडिटरमध्ये लिहा. फ्लटर (ॲप बनवायचा गूगलचा दुसरा संच) शिकणाऱ्यांना तर हे सहज जमतं. स्टुडिओ बंद ठेवल्याने जी मेमरी सुटते ती बाकी सगळ्या युक्त्यांपेक्षा जास्त असते.

तरीही एम्युलेटर गोगलगाय असेल तर हे विचारा:

एम्युलेटर -ॲक्सेल-चेक

एम्युलेटर वेगाने चालतो तो प्रोसेसरमधल्या व्हर्च्युअलायझेशनच्या सोयीमुळे. ती असेल तर फोनच्या आतल्या सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर धावतात. नसेल तर एकेक सूचना भाषांतर करून चालवावी लागते. लिनक्सवर हे काम केव्हीएम करतं, मॅकवर ॲपलचं स्वतःचं हायपरव्हायझर, आणि विंडोजवर विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म. इंटेलचं हॅक्सम सुचवणारा लेख सापडला तर तो जुना आहे असं समजा, इंटेलने ते २०२३ मध्ये बंद केलं. ॲक्सेल-चेकने नकार दिला तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगांत) जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करायचं. एएमडीच्या मशीनवर ते एसव्हीएम नावाने लपलेलं असतं. लिनक्सवर आपला यूजर केव्हीएम ग्रुपमध्ये आहे का तेही बघायचं.

पडदा काळाच राहत असेल किंवा रंगांचा चिवडा होत असेल तर दोष बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचा. तेव्हा -जीपीयू स्विफ्टशेडर_इनडायरेक्ट जोडा. चित्र काढण्याचं काम ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसर करतो. हळू, पण चालतं. एरवी -जीपीयू होस्ट उत्तम.

आता माझ्या मते सर्वांत जास्त घोळ घालणारी गोष्ट: स्नॅपशॉट.

२०१७ च्या अखेरीस एम्युलेटरला क्विक बूट मिळालं. म्हणजे तुम्ही खिडकी बंद केली की फोनची त्या क्षणाची मेमरी जशीच्या तशी डिस्कवर जाते, आणि पुढच्या वेळी तिथूनच पुढे सुरू. कॅरमचा अर्धा डाव चादरीखाली झाकून उठावं आणि दुसऱ्या दिवशी चादर काढून पुढची सोंगटी मारावी, तसं. मिनिटाचं काम काही सेकंदांत होतं म्हणून सगळे खूश. पण यात फोन कधी बंदच होत नाही, आणि जो बंद होत नाही तो सुरूही होत नाही.

याने काय बिघडतं ते एका उदाहरणाने सांगतो. माझी भाची आणि तिच्या कॉलेजातल्या दोघी मिळून डब्याचं ॲप बनवताहेत. कोचिंगसाठी बाहेरगावाहून आलेली मुलं आणि राजेंद्रनगरातल्या डबे देणाऱ्या काकू, यांच्यातला हिशेब. उद्याचा डबा नको असेल तर रात्री नऊच्या आत कळवायचं, म्हणून साडेआठला ॲप आठवण करून देतं. एम्युलेटरवर आठवण रोज न चुकता वाजायची. खऱ्या फोनांवर काहींना वाजे, काहींना नाही. काकू वैतागल्या, कारण न खाल्लेल्या डब्यांचे पैसे कोण देणार यावरून रोज वाद.

कारण असं की अँड्रॉइडमध्ये ॲपने लावलेले अलार्म फोन बंद झाला की पुसले जातात. फोन पुन्हा सुरू झाल्यावर सिस्टिम ‘बूट झालं’ अशी एक हाक देते. ती ऐकून ॲपने स्वतः अलार्म परत लावायचे असतात. या मुलींच्या ॲपमध्ये ती हाक ऐकणारा कोडच नव्हता. ज्यांनी दिवसात फोन रीस्टार्ट केला त्यांची आठवण गेली. आणि एम्युलेटरवर हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण तो रोज चादरीखालून उठत होता. ही कमांड दिली आणि दोष पहिल्या फटक्यात समोर आला:

एम्युलेटर -एव्हीडी पिक्सेल_७ -नो-स्नॅपशॉट-लोड

याला कोल्ड बूट म्हणतात. आतली ॲप आणि त्यांचा डेटा शाबूत राहतो, फक्त फोन खरोखर सुरुवातीपासून सुरू होतो. यात बंद करताना नवा स्नॅपशॉट मात्र साठवला जातो. तोही नको असेल तर नुसतं -नो-स्नॅपशॉट. आणि तिसरा प्रकार -नो-स्नॅपशॉट-सेव्ह: साठवलेल्या जागेवरून सुरू कर, पण आज जे होईल ते लक्षात ठेवू नकोस. हा मला डेमोसाठी फार आवडतो. ग्राहकासमोर ॲपमध्ये कितीही उलटसुलट नोंदी करा, पुढच्या वेळी सगळं पुन्हा नीट मांडलेलं.

मघाशी जो जपायचा ऑप्शन म्हटलं तो -वाइप-डेटा. हा त्या एव्हीडीतली तुमची सगळी ॲप, लॉगिन, फोटो पुसून फोन कारखान्यातून आल्यासारखा करतो, आणि हे फक्त त्या खेपेपुरतं नसतं. पुसलं ते गेलं. पण ॲप पहिल्यांदाच उघडणाऱ्या माणसाला काय दिसतं हे पाहायला याच्याइतकं चोख काही नाही. परवानग्या विचारणाऱ्या खिडक्या, रिकाम्या याद्या, आधी लॉगिन की आधी लोकेशन हा गोंधळ, हे सगळं आपल्याला कधीच दिसत नाही, कारण आपण ते महिन्यांपूर्वीच ओके करून बसलेलो असतो.

दुसरी मोठी गोष्ट नेटवर्क. दोन ऑप्शन आहेत: -नेटस्पीड गती ठरवतो आणि -नेटडिले उशीर. दोन्हींना जुन्या-नव्या नेटवर्कांची नावं देता येतात.

एम्युलेटर -एव्हीडी पिक्सेल_७ -नेटस्पीड एज -नेटडिले एज

एम्युलेटरच्या हिशेबात एलटीई (फोरजी) म्हणजे सेकंदाला १,७३,००० किलोबिट डाउनलोड. एज (टूजी) म्हणजे ४७३.६. त्याहून जुनं जीएसएम म्हणजे फक्त १४.४. आता मेन्यूतला एक फोटो घ्या, काकूंनी फोनवर काढून जसाच्या तसा चढवलेला, समजा दीड एमबीचा. म्हणजे साधारण १२,००० किलोबिट. एलटीईवर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत येतो. एजवर २५ सेकंद लागतात. जीएसएमवर जवळजवळ चौदा मिनिटं, तोवर भाजी निवेल. पोळी, भाजी, वरण, भात असे चार फोटो असतील तर एजवरच दीड मिनिटाच्या वर गेलात. हे आकडे कागदावर कळतात, पण गोल गोल फिरणाऱ्या चक्राकडे स्वतः पंचवीस सेकंद बघत बसल्याशिवाय फोटो लहान करून चढवायची बुद्धी कुणाला होत नाही.

उशीर वेगळा आणि तो जास्त छळतो. एजसाठी एम्युलेटर प्रत्येक फेरीला ८० ते ४०० मिलिसेकंदांचा उशीर लावतो, यूएमटीएससाठी (थ्रीजी) ३५ ते २००. एकच मोठी फाइल आणायची असेल तर याने फार बिघडत नाही. पण ॲप आधी नाव विचारतं, मग पत्ता, मग शिल्लक, मग आजची भाजी, असं दहा वेळा सर्व्हरकडे जात-येत असेल तर एजवर नुसत्या हेलपाट्यांतच चार सेकंद जाऊ शकतात. एम्युलेटरच्या या आकड्यांत एक गमतीची विसंगतीही आहे: एजचा वेग यूएमटीएसच्या ३८४ किलोबिटांपेक्षा जास्त धरलाय, म्हणजे थ्रीजीपेक्षा टूजी वेगवान! ती नावं गांभीर्याने घेऊ नका, आकडे घ्या. आणि चाचणी करताना फोनच्या आतलं वायफाय बंद करून मोबाइल डेटा चालू ठेवलेला बरा, कारण हे हिशेब मोबाइल नेटवर्कचे आहेत.

फोन चालू असतानाही हे बदलता येतं. त्यासाठी एडीबी नावाचा जोडीदार प्रोग्राम आहे. एडीबी इएमयू नेटवर्क स्पीड फुल लिहिलं की बंधन सुटलं. पैसे भरण्याच्या पडद्यावर असताना अचानक गती कमी करून पाहा. तिथे ॲप काय करतं यावरून ते लिहिणारा किती सावध आहे ते कळतं.

नेटवर्कचाच आणखी एक प्रश्न, जो मला नेहमी विचारला जातो.

“मामा, सर्व्हर लॅपटॉपवरच चालतोय, ब्राउझरमध्ये उघडतोय, आणि ॲप म्हणतं कनेक्शन नाही.”

“ॲपमध्ये पत्ता काय दिलायस?”

“लोकलहोस्ट.”

“अगं, फोनच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो फोनच. लॅपटॉप नाही.”

एम्युलेटर स्वतःला एका आभासी राउटरमागे ठेवतो. आतून लॅपटॉपला हाक मारायचा पत्ता ठरलेला आहे: १०.०.२.२. लोकलहोस्टच्या जागी तो टाकला की काम झालं. खऱ्या फोनवर मात्र हा पत्ता चालत नाही, तिथे लॅपटॉपचा वायफायवरचा पत्ता द्यावा लागतो.

एकाच वेळी दोन फोन लागतात तेव्हा, म्हणजे एक मुलाचा, एक काकूंचा, दोन टर्मिनल उघडून दोन एव्हीडी सुरू करा. प्रत्येक एम्युलेटर दोन पोर्ट, म्हणजे जोडणीची क्रमांक असलेली दोन दारं, घेतो. पहिल्याला ५५५४ आणि ५५५५, पुढच्याला ५५५६ आणि ५५५७. सम आकडा हुकूम ऐकण्याचा, विषम एडीबीचा. म्हणून एडीबी डिव्हाइसेस विचारल्यावर नावं एम्युलेटर-५५५४ अशी दिसतात. कोणता फोन कुठे हे पक्कं हवं असेल तर -पोर्ट ५५५६ असं सांगून सुरू करा, आकडा समच पाहिजे. एकच एव्हीडी दोनदा उघडायला गेलात तर तो अडवेल. तेव्हा -रीड-ओन्ली जोडायचं, अशा प्रतीत केलेले बदल मात्र टिकत नाहीत.

लोकेशनसाठी सुरू झालेल्या फोनला हुकूम द्यायचा. इंदूरसाठी:

एडीबी इएमयू जिओ फिक्स ७५.८५७७ २२.७१९६

आकड्यांचा क्रम नीट बघा. आधी रेखांश, मग अक्षांश. नकाशावरून उचललेला पत्ता नेमका उलटा असतो, आधी अक्षांश. तसाच चिकटवलात तर तुमचा डबेवाला राजवाड्यावरून थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बॅरेंट्स समुद्रात जाऊन उभा राहतो, आणि ॲप निमूटपणे दाखवतं की जवळपास एकही काकू नाही. याच पद्धतीने एडीबी इएमयू पॉवर एसी ऑफ दिलं की चार्जर सुटतो आणि एडीबी इएमयू पॉवर कपॅसिटी ९ दिलं की बॅटरी नऊ टक्क्यांवर येते.

बाकीचे किरकोळ. -नो-ऑडिओ आवाज बंद करतो. मॅकवर ब्लूटूथ हेडफोन लावून गाणी ऐकणाऱ्यांना तो वरदान वाटेल, कारण एम्युलेटर माइक मागतो आणि गाण्याचा आवाज लगेच पिचका होतो. -नो-बूट-ॲनिम सुरुवातीचं ॲनिमेशन गाळतो. -टाइमझोन दिला की फोनचं घड्याळ दुसऱ्या देशाचं होतं, परदेशी ग्राहकाचं काम करणाऱ्यांना उपयोगी. -नो-विंडो खिडकीच उघडत नाही, फोन मागे गुपचूप चालतो. ज्या सर्व्हरला पडदाच नाही तिथे आपोआप चाचण्या चालवायला तो लागतो. अशा न दिसणाऱ्या फोनला बंद करायला एडीबी इएमयू किल. हे विसरलात तर तो रॅम धरून बसून राहतो आणि तुम्ही क्रोमला शिव्या देता. काही अडलं तर -व्हर्बोज जोडा, तो काय काय शोधतोय आणि कुठे अडखळला ते सगळं छापतो. एखाद्या ऑप्शनची माहिती हवी असेल तर -हेल्प-नेटस्पीड अशा धर्तीवर विचारता येतं.

या लांबलचक ओळी कुणी रोज टाइप करत नाही. विंडोजवर बॅच फाइल, लिनक्स-मॅकवर शेल स्क्रिप्ट करून ठेवायची. भाचीच्या लॅपटॉपवर तीन आहेत. एक रोजची, क्विक बूटवाली. एक ‘हॉस्टेल’, कोल्ड बूट आणि एजची गती. तिसरी ‘नवा’, जिच्यात -वाइप-डेटा आहे, आणि ती वेगळ्या एव्हीडीवर चालते, म्हणजे रोजच्या फोनला धक्का लागत नाही.

काही गोष्टी मात्र कुठल्याही ऑप्शनने येत नाहीत. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागे चाललेली ॲप परस्पर मारतात, आणि एम्युलेटरमधलं गूगलचं स्वच्छ अँड्रॉइड तसं वागत नाही. मे महिन्यात तापलेला फोन आपला वेग आपणच कमी करतो, तेही इथे दिसत नाही. त्यासाठी डबा देणाऱ्या काकूंचाच जुना फोन तासभर मागून घ्यायचा.